कर्मठ माणूस आणि कट्टर माणूस

एका ताईंनी विचारलं आहे. धाकटा भाऊ २३ वर्षांचा. गेल्या वर्षभरात एकदम धार्मिक झाला. पहाटे उठून उपासना, उपवास काटेकोर, जुन्या मित्रांकडे जाणं-येणं जवळपास बंद. घरात अजून कुणाला उलटून बोललेला नाही. पण बातम्या वाचल्या की ताईंच्या पोटात गोळा येतो. कडक धार्मिक श्रद्धेमुळे माणूस हिंसेकडे, गुन्ह्याकडे वळतो का? आणि वळणार असेल तर ते आधी ओळखता येतं का?

ताई, मी गेली २४ वर्षं तुरुंगांमध्ये समुपदेशनाचं काम करते. खून, घरातली मारहाण, दंगलीतली जाळपोळ अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं समोर बसतात आणि मी त्यांच्याशी बोलते. सगळ्या धर्मांची माणसं बसली आहेत, आणि कुठलाच धर्म न मानणारीही. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागून. श्रद्धा कडक आहे एवढ्यावरून माणूस हिंसक होत नाही. तो कडकपणा कुणावर चालतो, ते बघायचं.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि हल्ली आपण ते एकाच अर्थाने वापरतो. कर्मठ माणूस नियम आधी स्वतःला लावतो. काय खायचं, कधी उठायचं, किती जप करायचा, हे तो स्वतःपुरतं ठरवतो आणि पाळतो. कट्टर माणसाचं लक्ष दुसऱ्याने काय पाळलं यावर असतं. कर्मठांच्या घरात सुनांना आणि मुलांना किती काच सोसावा लागतो ते मी पाहिलं आहे, त्यामुळे ही रेघ अगदी सरळ आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्या कामात मला याहून उपयोगी रेघ सापडलेली नाही.

तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला वाटतं, इथे सगळेच देवभक्त. पहाटे बराकीत कुणी जप करतोय, कुणी नमाज पढतोय, कुणी बायबल उघडून बसलाय. एवढी श्रद्धा आणि एवढे गुन्हे, यांचं काहीतरी नातं असणारच, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. मग मी प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारायला लागले: हे कधीपासून? बहुतेकांचं उत्तर एकच यायचं, आत आल्यापासून. जन्मठेप भोगणारा एक माणूस रोज पहाटे चारला उठायचा. मला म्हणाला, "बाहेर होतो तेव्हा सकाळ कधी बघितलीच नाही, मॅडम. पिऊन पडलेला असायचो. इथं रात्र सरत नाही. उठून बसलो की जरा सरते." त्याची श्रद्धा गुन्ह्याच्या आधीची नव्हती, गुन्ह्यानंतरच्या रात्रींनी त्याला दिलेली होती. आधी काय आणि नंतर काय, हे न बघता हिशेब मांडला की औषधालाच आजार ठरवलं जातं.

संशोधकांनीही या प्रश्नाशी खूप झटापट केली आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत ट्रॅव्हिस हिर्शी आणि रॉडनी स्टार्क यांनी शाळकरी मुलांची पाहणी केली. चर्चला जाणारी मुलं कमी गुन्हे करतात, असं काही त्यांना दिसलं नाही. नरकाची भीती घातली की पोरं सरळ होतात या समजुतीला तो मोठा धक्का होता. पुढे स्टार्क यांनीच त्याचा उलगडा मांडला: आजूबाजूचे बहुतेक लोक जिथे मनापासून धर्म पाळतात तिथे श्रद्धेचा परिणाम दिसतो, आणि जिथे पाळत नाहीत तिथे एकट्या मुलाची श्रद्धा त्याच्या वागण्यात फारशी उतरत नाही. थोडक्यात, संगत. २००१ मध्ये कॉलिन बायर आणि ब्रॅडली राइट यांनी ६० अभ्यास एकत्र करून तपासले. धार्मिकतेमुळे गुन्हेगारीला लगाम बसतो, असं त्यांतून निघालं. लगाम मध्यम ताकदीचा आहे, पण आहे.

देशादेशांची तुलना करून कुणी काही सिद्ध करू लागलं तर मात्र सावध राहा. धर्माकडे फारसं न वळणाऱ्या स्वीडन-नॉर्वेसारख्या नॉर्डिक देशांत खून कमी होतात आणि श्रद्धाळू लॅटिन अमेरिकेत खुनांचं प्रमाण जगात सर्वाधिक असतं, हे खरं. पण अतिशय धार्मिक असलेल्या इंडोनेशियातही खून फार कमी होतात. टोळ्या, बंदुकांचा सुळसुळाट आणि पोलिस-न्यायालयांची अवस्था यांचा हिशेब न धरता नुसता धर्म मोजला, तर हवं ते उत्तर काढता येतं.

रोजचा गुन्हा कसा असतो, हेही डोळ्यांसमोर ठेवायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४,५८,००० माणसांचे खून झाले. युद्धात आणि दहशतवादी हल्ल्यांत मिळून मेलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. टोळ्यांची वैरं, नशेत हमरीतुमरीवर आलेली भांडणं, बायकोवरचा संशय, भावाभावांतली वाटणी. माझ्यासमोर बसणारी बहुतेक माणसं यांतल्याच कशात तरी अडकलेली असतात. त्यांनी हात उचलला तेव्हा त्यांच्या डोक्यात देव नव्हता.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते, आणि अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या एका अभ्यासातही ती स्पष्ट दिसली. व्होल्कन टोपाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर सराईतपणे गुन्हे करणाऱ्या ४८ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या अनेकांचा देवावर विश्वास होता, आणि तोच विश्वास त्यांनी सोयीनुसार वाकवला होता. देव दयाळू आहे, शेवटी माफी मागितली की सुटतो, समोरचाही पापीच होता. हे बोल मी शब्दशः ऐकले आहेत. अझीम शरीफ आणि मिज्के रेमतुला यांनी २०१२ मध्ये ६७ देशांची आकडेवारी तपासली, तेव्हा नरकावर विश्वास ठेवणारे जास्त तिथे गुन्हे कमी, आणि नरकापेक्षा स्वर्गावरचा विश्वास जितका वरचढ तितके गुन्हे जास्त, असा कल दिसला. देशांच्या तुलनेबद्दल वर जे म्हटलं ते इथेही लागू आहे. तरी माझा अनुभव त्याच बाजूचा आहे. स्वस्त माफी देणारी श्रद्धा माणसाला आवरत नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी झाकणार नाही. श्रद्धा हिंसेला हातभार लावते. काही वेळा फार मोठा.

२००७ मध्ये ब्रॅड बुशमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. अमेरिकेतल्या एका धार्मिक विद्यापीठातल्या आणि ॲमस्टरडॅममधल्या विद्यार्थ्यांना सूड उगवल्याचा एक जुना प्रसंग वाचायला दिला. काहींना सांगितलं की हा बायबलमधला आहे, काहींना सांगितलं की एका जुन्या, गुंडाळी करून ठेवलेल्या हस्तलिखितातला आहे. काहींच्या उताऱ्यात, सूड घ्या अशी देवाचीच आज्ञा होती, असं एक वाक्य जास्त होतं. नंतर त्यांना एक खेळ खेळायला लावला, ज्यात हरलेल्याच्या कानात कर्कश आवाज सोडता येत होता. उतारा बायबलमधला आहे असं ज्यांना सांगितलं होतं आणि देवाची आज्ञा ज्यांनी वाचली होती, त्यांनी जास्त मोठा आवाज सोडला. श्रद्धा असणाऱ्यांत हा परिणाम ठळक होता, पण श्रद्धा नसणारेही त्यातून पूर्ण सुटले नाहीत. एका वाक्याने एवढा फरक पडतो.

त्या वाक्याने परवानगी मिळते. गुन्हा करणाऱ्या माणसाला मनात एक अडसर ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडण्यासाठी तो सबबी शोधतो. १९५७ मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी या सबबींची मांडणी केली. माझा दोष नाही, कुणाचं काही बिघडलं नाही, त्याची तीच लायकी होती, बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळाचे, आणि शेवटची, मी माझ्यापेक्षा मोठ्या गोष्टीसाठी केलं. धर्माचा वापर होतो तो बहुतेक करून या शेवटच्या जागी. देशही तिथे बसतो, पक्ष आणि जातही बसते. पण धर्माइतकी भक्कम सबब दुसरी नाही, कारण वर अपील करायला कोर्टच उरत नाही. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना मारणारा कायद्याचा विद्यार्थी होता. आपण धर्मशास्त्राला धरूनच हे केलं, असं तो म्हणत राहिला.

माझ्याकडे एक वडील यायचे. मुलगी मनाविरुद्ध वागली म्हणून तिला इतकं मारलं होतं की तिचा हात कायमचा अधू झाला. बोलताना त्यांच्या हातात जपमाळ असायची. दोरा मण्यांपाशी काळा पडलेला, एक मणी चिरलेला. ते शांतपणे मणी ओढत सांगायचे, "मी मारलं नाही. वळण लावलं." तिसऱ्या भेटीत मी विचारलं, त्या दिवशी मारताना माळ कुठे होती? बोटं थांबली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "खिशात." त्या एका शब्दापाशी पोचायला आम्हाला तीन महिने लागले होते, आणि खरं काम त्यानंतर सुरू झालं. त्यांची श्रद्धा मी काढून घेतली नाही. तो माझा अधिकारही नव्हता. पण राग त्यांचा स्वतःचा होता आणि त्यांनी तो देवाच्या नावावर जमा केला होता, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं.

मग गटाचा प्रश्न येतो, आणि मला वाटतं खरा धोका इथे आहे. जेरेमी गिंजेस, इयन हॅन्सन आणि आरा नोरेन्झायन यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पॅलेस्टिनी मुस्लिमांमध्ये त्यांना दिसलं की माणूस एकट्याने किती प्रार्थना करतो याचा आत्मघाती हल्ल्यांच्या समर्थनाशी संबंध नव्हता. मशिदीत किती जातो याचा होता. इस्रायली वसाहतींतल्या ज्यू लोकांनाही त्यांनी विचारलं. १९९४ मध्ये हेब्रॉनमध्ये नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका ज्यू माणसाने गोळ्या घालून मारलं होतं. ते कृत्य वीराचं वाटतं का? ज्यांना आधी प्रार्थनास्थळी जाण्याची आठवण करून दिली होती त्यांतल्या २३ टक्क्यांनी हो म्हटलं. ज्यांना देवाच्या प्रार्थनेची आठवण करून दिली होती त्यांत हेच प्रमाण ६ टक्के होतं. दोन वेगळे धर्म, पण चित्र एकच. एकट्याची भक्ती आणि जमावातली निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा जमाव धार्मिकच असावा लागतो असंही नाही. १९८० ते २००३ या काळातले ३१५ आत्मघाती हल्ले रॉबर्ट पेप यांनी नोंदवले. त्यांत सर्वाधिक हल्ले ज्या एका संघटनेचे होते ती म्हणजे श्रीलंकेतली तमिळ बंडखोरांची एलटीटीई, आणि तिची विचारसरणी धार्मिक नव्हती. कंबोडियात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने १९७५ ते १९७९ या काळात धर्म मोडून काढला आणि लाखो माणसं मारली.

जे धर्माच्या नावाने बंदूक उचलतात त्यांचं धर्मज्ञान किती असतं? इस्लामिक स्टेटमध्ये भरती झालेल्यांचे अर्ज २०१६ मध्ये फुटले. त्यांत धर्मशास्त्राचं ज्ञान किती, या रकान्यात सुमारे ७० टक्के जणांनी 'प्राथमिक' असं लिहिलं होतं. ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेचा एक अंतर्गत अहवाल २००८ मध्ये बाहेर आला. त्यातही म्हटलं होतं की यातले बरेच जण धर्म नियमाने पाळणारे नसतात, आणि आधीपासून पक्की असलेली धार्मिक ओळख उलट माणसाला वाचवते. दंगलीत दुकान पेटवलेल्या एका १९ वर्षांच्या मुलाने मला एक वचन तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. मी विचारलं, याच्या पुढची ओळ काय? त्याला माहीत नव्हती. ते वचन त्याने फोनवरच्या चाळीस सेकंदांच्या व्हिडिओत ऐकलं होतं आणि व्हिडिओ तिथेच संपत होता. पुढच्या भेटीत मी ग्रंथ घेऊन गेले. पुढची ओळ दयेची होती. तो ती पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तोंडातून शब्द फुटला नाही.

आणि कडक श्रद्धेनेच माणसांनी हिंसा नाकारली, याचे दाखले मला कमी वाटत नाहीत. खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार उभे केले. पठाण, धर्मनिष्ठ मुसलमान, आणि शपथ अहिंसेची. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात इंग्रजी फौजेने निःशस्त्र जमावावर गोळ्या चालवल्या, तरी या संघटनेने शपथ मोडली नाही. अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक तर नियमांच्या बाबतीत कमालीचे कडक. २ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियात त्यांच्या शाळेत शिरून एका बाहेरच्या माणसाने १० मुलींवर गोळ्या झाडल्या. ५ मुली गेल्या आणि त्याने स्वतःलाही संपवलं. त्याच दिवशी आमिश माणसं त्याच्या विधवेच्या घरच्यांकडे सांत्वनाला गेली. एवढी ताकद त्यांना त्यांच्या कडक धर्मानेच दिली.

तरीही बंद समाजाचं फार कौतुक माझ्याच्याने होत नाही. ज्या समाजात पोलिस-दप्तरी गुन्हे कमी दिसतात तिथे गुन्हे खरंच कमी असतात की दाराबाहेर येत नाहीत, हे तपासावं लागतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन जे कॉलेजने कॅथलिक चर्चसाठी केलेला अहवाल आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले होते आणि तक्रार करणारे १०,६६७ जण होते. अनेक ठिकाणी वरिष्ठांनी त्या माणसांच्या नुसत्या बदल्या केल्या. हा दोष एका धर्माचा नाही. जिथे गुरूला, वडिलांना, मठाला किंवा मंडळाला प्रश्न विचारणं म्हणजे देवाला प्रश्न विचारणं ठरतं, तिथे मारहाण आणि शोषण वर्षानुवर्षं चालतं, आणि बाई किंवा मूल ब्र काढत नाही. माझ्या मते कडक श्रद्धेचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी नोंदला जाणारा गुन्हा हाच आहे. बॉम्ब बातमीत येतो. माजघरातला मार येत नाही.

ताई, आता तुमच्या भावाकडे येते. त्याची पहाटेची उपासना आणि उपवास यांची मला भीती वाटत नाही. त्याच्या बोलण्यातलं सर्वनाम ऐका. मी नोंदी लिहिताना पेन्सिलीने याच शब्दांखाली रेघ ओढते. "मी हे खाणार नाही" इथे माणूस स्वतःशी कडक आहे. "तू हे का खातेस?" इथून घरात कटकट सुरू होते, पण ती बहुतेक घरांत निभावते. "हे लोक असेच, यांना धडा शिकवायला हवा" इथे पोचला तर मी सावध होते. आणि 'हे लोक' जाऊन एखाद्या माणसाचं नाव, जागा, तारीख किंवा हत्यार बोलण्यात आलं, तर समुपदेशकाची वाट बघायची नाही. त्याच दिवशी पोलिसांना सांगायचं. आपलाच भाऊ, उगाच बोभाटा कशाला, या विचारात गेलेले दोन-तीन दिवस मी अनेक घरांत ऐकले आहेत.

त्याला आमिष दाखवून यातून काढायचा प्रयत्न करू नका. गाडी घेऊन देतो, लग्न लावून देतो, हे सोड, असं म्हणू नका. माणसाला जे पवित्र वाटतं त्याचा भाव केला की तो जास्त चिडतो. गिंजेस आणि स्कॉट अॅट्रन यांना २००७ च्या अभ्यासात पॅलेस्टिनी आणि इस्रायली अशा दोन्ही बाजूंच्या माणसांत नेमकं हेच दिसलं: तडजोडीसोबत पैसे देऊ केले की ज्यांची श्रद्धा पक्की, त्यांचा संताप वाढायचा. वादात हरवायलाही जाऊ नका. गरज पडली तर त्याच्याच धर्मातला जाणता, शांत माणूस गाठा. सिंगापूरमध्ये २००३ पासून अटकेतल्या अतिरेक्यांशी बोलायला मुस्लिम धर्मशिक्षकच स्वेच्छेने जातात, कारण ग्रंथाचा अर्थ ग्रंथ जाणणाऱ्यानेच सांगितला तर तो ऐकून घेतला जातो.

तुम्ही लिहिलेल्यांतली एकच गोष्ट मला नीट समजून घ्यायची आहे: त्याने जुने मित्र का सोडले. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथात एक हृदयशल्यचिकित्सक होता, भौतिकशास्त्र शिकलेले तरुण होते. पंथात पूर्ण शिरताना त्यांना घरदार आणि जुनी माणसं तोडायला लावली जायची. म्हणून त्याला विचारा, पण उलटतपासणी करू नका, जेवताना सहज विचारा. ते पितात, रात्री-अपरात्री फिरतात, मला आता जमत नाही, असं तो म्हणाला तर निर्धास्त झोपा. त्यांच्याकडे जाऊ नको असं कुणीतरी सांगितलंय, असं निघालं, तर तो कोण, कुठे भेटतो, आणखी कोणकोण येतात आणि त्याने याला घरापासूनही दूर राहायला सांगितलंय का, एवढं शांतपणे काढून घ्या आणि मला पुन्हा लिहा.